साठीतली बाई बेघरांत वेश पालटून राहून गुन्हेगार पकडून देऊ शकते का?

तुमची आई निवृत्त आहे, धीट आहे, आणि बेघर बनून पोलिसांना मदत करायची म्हणते. जमेल का, असं तुम्ही विचारलंय. वेश जमेल. म्हातारीकडे कुणी बघतच नाही, तरुण पोरीला मात्र पहिल्या रात्रीपासून त्रास.

मी पोलिसात होते. निवृत्ती जवळ आली तेव्हा मला पुलाखाली पथारी टाकून बसवलं. तिथे झोपणाऱ्यांची ओळखपत्रं ‘योजनेचा फॉर्म भरतो’ म्हणून एकजण न्यायचा, त्यांच्या नावावर बँकेत खाती उघडायची आणि त्यातून फसवणुकीचा पैसा फिरायचा. फाटकं लुगडं, विस्कटलेले केस असा थाट मीही केला होता. शेजारच्या बाईने तो पाहिलाच नाही, तिने टाचा पाहिल्या. “ह्या टाचा घरात राहणाऱ्या बाईच्या हाईत,” म्हणाली. बोंब नाही केली. उलट पाठ भिंतीला लावायला लावली, चपला बोचक्यात घालून बोचकं उशाला घ्यायला सांगितलं.

पुढचं सगळं तिनेच सांगितलं. तो कधी येतो, गाडी कुठे लावतो, ज्यांना विचारणारं कुणी नाही अशांनाच कसा हेरतो. सापळा तिच्या शब्दावर लागला आणि माणूस सापडला. मी म्हटलं, साहेब, हिचा जबाब घ्या. तर म्हणे, “पत्ता काय टाकणार? समन्स कुठे बजावणार?” कागदावर ती झाली ‘गुप्त बातमीदार’, आणि कौतुक झालं माझ्या वेशाचं. मला ते कौतुक आजही टोचतं.

साक्ष द्यायला घर लागतं असं कायद्यात कुठेही नाही. तेव्हा १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ११८ होतं, आता २०२३ च्या साक्ष अधिनियमाचं १२४ आहे. प्रश्न समजून नीट उत्तर देता येणारा कुणीही साक्षीदार होऊ शकतो. साहेबांना हे पाठ होतं, बरं का. समन्सची कटकट नको होती, एवढंच.

वेश पालटण्यात अर्थच नाही असंही नाही. इंग्लंडात मेरी हिग्स नावाची पाद्र्याची बायको १९०३ मध्ये, पन्नाशीला टेकलेली असताना, भटकी बनून सरकारी आसऱ्यांत झोपली. चोर पकडायला नव्हे, तिथे बायकांचे काय हाल होतात ते बघायला. १९०६ मध्ये तिचं पुस्तक आलं. पण ती स्वतः डोळ्यांनी पाहिलेलं स्वतःच्या नावाने सांगत होती. दुसऱ्या बाईची माहिती आपल्या नावावर खपवत नव्हती.

आता आईसाठी. खासगी माणसाने हे एकट्याने करू नये. माझ्यामागे पाळतीवर माणसं होती, तिच्यामागे कोण असणार? मारहाण झाली तर? खोटी कागदपत्रं दाखवली तर गुन्हा तिच्यावरच. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर विषयच संपला. अर्ज कुठे करायचा म्हणाल, तर अशी भरती मी तरी पाहिलेली नाही.

त्यापेक्षा तिने आपल्याच कपड्यांत जावं, रोज त्याच जागी बसावं, बोलावं. कुणाची कागदपत्रं कुणी नेली असतील तर त्या माणसाला घेऊन ठाण्यात आणि बँकेत जावं, लेखी तक्रार करावी, पोच घ्यावी. पत्ता विचारला तर रात्रनिवाऱ्याचा टाका म्हणावं. मी साहेबांना तेव्हाही हेच सांगत होते.