पॅनेलचं दार लावलं की वायफाय गुल का होतं?

प्रश्न: नमस्कार, आमच्या सोसायटीच्या पंपरूममध्ये (घोडबंदर रोड, ठाणे) टाकीची पातळी मोबाइलवर दिसावी म्हणून मी ईएसपी-३२ (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर) बोर्ड बसवलाय, पंपाच्याच लोखंडी पॅनेलमध्ये. दार उघडं असलं की झकास चालतो, लावलं की गुल. पण बोर्ड दोन बोटं सरकवला तर कधीकधी बंद दारातही सिग्नलची एखादी कांडी येते, हे कसं काय? मोठं भोक पाडू का?

उत्तर: मोठं भोक नका पाडू, सांगतो. वायफायची २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण १२.५ सेंटीमीटर लांब असते आणि पत्र्यात ती काही मायक्रोमीटरच्या पुढे जातच नाही, म्हणजे पत्रा १ मिलिमीटरचा असो की २ चा, फरक शून्य, जे काय आतबाहेर होतं ते फटीतून. आता फट म्हटलं की सगळे रुंदी बघतात पण खरं काम लांबीचं असतं. अर्ध्या लहरीएवढी, म्हणजे ६ सेंटीमीटरच्या आसपास लांब फट, अगदी बारीक असली तरी स्वतःच अँटेना होते, आणि १ सेंटीमीटरचं गोल भोक जवळपास काहीच सोडत नाही. तुमच्या दाराला रबराचं गॅस्केट असणार, तिथे धातूला धातू टेकत नाही, म्हणून तेवढी एक कांडी आत शिरते.

आत शिरलेली लहर मग चारी बाजूंच्या पत्र्यावर आपटत राहते, त्यामुळे पेटीत काही जागी जोर असतो आणि काही जागा मेलेल्या, दोन्हींमध्ये ३ सेंटीमीटरच्या आसपास अंतर. तुमची दोन बोटं ती हीच! त्यात बोर्डवरची नागमोडी अँटेना पत्र्याजवळ आली की तिचं ट्यूनिंग सरकतं आणि पत्र्यात उलटा करंट वाहून तिचं बरंचसं काम खोडून टाकतो.

माझं स्पष्ट मत, बोर्ड पॅनेलमध्ये ठेवूच नका. कॉन्टॅक्टर (पंप चालू-बंद करणारा विजेचा स्विच) पडताना जी ठिणगी उडते तिचा त्रास वेगळाच. बाहेर भिंतीवर प्लॅस्टिकची पेटी लावा आणि सेन्सरची वायर तिथे न्या. आतच ठेवायचा असेल तर बाहेरच्या अँटेनाचा कनेक्टर असलेलं मॉड्यूल घ्या, पत्र्याला साडेसहा मिलिमीटरचं भोक पाडून एसएमए कनेक्टर (अँटेना जोडायचा छोटा आटेवाला सॉकेट) बसवा, नटाखालचा रंग नीट खरवडा म्हणजे पत्रा अँटेनाला ग्राउंड म्हणून मिळतो, जो पत्रा आत आडवा येत होता तोच बाहेर कामाला येतो. हे सगळं मेन बंद करून, इलेक्ट्रिशियनकडूनच, आत ४१५ व्होल्ट आहेत. ड्रिलचा चुरा कॉन्टॅक्टरवर पडू नये म्हणून आधी खाली कापड लावायला सांगा.

आणि पंपरूम बेसमेंटला असेल तर राउटरचा सिग्नल खाली दारापर्यंत तरी येतो का ते मोबाइलवर बघून घ्या, येत नसेल तर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा लोरा (लांब पल्ल्याचा, थोडाच डेटा पाठवणारा रेडिओ) मॉड्यूल बरा पडेल, अँटेना मात्र त्याचीही बाहेरच.