वारंवार रक्त कमी होतंय, दोन्ही स्कोपी नॉर्मल: आधी कॅप्सूल की थेट डबल बलून?

तुमच्या लिहिण्यावरून समजलं ते असं: वडील 68 वर्षांचे, हिमोग्लोबिन पुन्हा पुन्हा 7 पर्यंत घसरतंय, मधूनमधून शौचाला डांबरासारखं काळं होतं, आणि गॅस्ट्रोस्कोपी (तोंडातून जठरापर्यंतची दुर्बीण) व कोलोनोस्कोपी (गुदमार्गातून मोठ्या आतड्याची दुर्बीण) दोन्ही नॉर्मल आल्यात. म्हणजे शंका उरते ती मधल्या लहान आतड्याची. एक डॉक्टर कॅप्सूल एंडोस्कोपी (गिळायची कॅमेऱ्याची गोळी) सांगतात, दुसरे थेट डबल बलून (दोन फुग्यांच्या मदतीने लहान आतड्यात सरकवायची दुर्बीण, म्हणजेच बलून एन्टरोस्कोपी), आणि "कॅप्सूल आत अडकते" म्हणून मामांनी घरात धास्ती घातलीय. मी डॉक्टर नाही. एंडोस्कोपी विभागात तंत्रज्ञ म्हणून बरीच वर्षं काढलीत, त्या अनुभवावरून सांगतो. निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचाच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. रक्तदाब-नाडी स्थिर असेल आणि आतडं अरुंद झाल्याची शंका नसेल, तर आधी कॅप्सूल, मग गरज पडली तर बलून. पण त्याही आधी पहिली गॅस्ट्रोस्कोपी कशी झाली ते विचारा. घाईत, किंवा पोटात रक्त साचलेलं असताना झाली असेल तर ती पुन्हा करून घेण्यात कमीपणा नाही. लहान आतड्यातला म्हणून शोधत बसलेला रक्तस्राव शेवटी जठरातच सापडला, असं आमच्याकडे अनेकदा घडलंय.

मामांची भीती अगदी खोटी नाही. कॅप्सूल साधारण 26 मिमी लांब आणि 11 मिमी जाड असते, आणि दोन आठवड्यांनंतरही बाहेर पडली नाही तर ती अडकली असं धरतात. रक्तस्रावासाठी तपासणी करणाऱ्यांत हे शंभरात एक-दोघांच्या बाबतीत होतं. क्रोन्सचं (आतड्याला दीर्घकाळ सूज राहणारा आजार) निदान झालेल्यांत प्रमाण याहून जास्त. आपल्याकडे त्यात आतड्याच्या टीबीची भर. म्हणून वडिलांना पूर्वी टीबी, पोटाचं ऑपरेशन किंवा पोटावर रेडिएशन झालं होतं का, ते आधी सांगा. गुडघेदुखीसाठी वर्षानुवर्षं वेदनाशामक गोळ्या चालू आहेत का, तेही. या गोळ्या लहान आतड्यात व्रण करतात, त्यातून रक्त जातं, आणि कधी पातळ पडद्यासारखे अडथळे तयार होतात जे सीटीतही निसटतात. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: जेवल्यावर पोट फुगून कळा येतात आणि गुडगुडून किंवा उलटी होऊन बरं वाटतं, असं होतं का? होत असेल तर आतडं अरुंद झालं असू शकतं, म्हणून आधी सीटी एन्टरोग्राफी (लहान आतड्याचा खास सीटी स्कॅन), किंवा मिळत असेल तर आत विरघळणारी चाचणी-कॅप्सूल. अडकलेल्या कॅप्सूलचा बहुतेकांना त्रास जाणवत नाही. ती बलून एन्टरोस्कोपीने किंवा ऑपरेशनने काढतात, आणि ज्या अरुंद जागेमुळे ती अडकली तिचा इलाज अनेकदा तसाही करावाच लागणार असतो.

कॅप्सूलची खरी उणीव वेगळी आहे. ती थांबत नाही, वळत नाही, तपासणीसाठी तुकडा घेत नाही. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून ती भरकन पुढे जाते, आणि एखादी एकटी गाठ तिच्या नजरेतून सुटू शकते. त्यामुळे "कॅप्सूल नॉर्मल, आता चिंता नको" हे वाक्य हिमोग्लोबिन घसरत असेल तर मान्य करू नका.

डबल बलून जपानच्या हिरोनोरी यामामोतो यांनी 2001 मध्ये जगासमोर मांडलं. स्कोपच्या टोकाला एक फुगा, बाहेरच्या नळीला दुसरा. ते आळीपाळीने फुगवत आणि मागे ओढत आतडं नळीवर गोळा करत जायचं, परकरात नाडी ओवताना कापड चुण्यांनी गोळा होतं तसं. म्हणून दोन मीटरच्या स्कोपने कित्येक मीटर आतडं बघता येतं. पण भूल लागते, तास-दीड तास सहज जातो, आणि पूर्ण आतडं बघायचं तर बहुधा तोंडाकडून आणि गुदमार्गाकडून अशा दोन खेपा होतात.

धोका किती, हे आत काय करणार यावर ठरतं. फक्त बघायचं असेल तर गंभीर गुंतागुंत शंभरात एकाहूनही कमी. मोठा पॉलिप कापणं, अरुंद जागा फुग्याने रुंद करणं, असलं काही केलं तर शंभरात तीन-चारपर्यंत जाते. मुख्यतः रक्तस्राव आणि आतड्याला भोक. तोंडाकडून केल्यावर क्वचित, हजारात तिघांच्या आसपास, स्वादुपिंडाला सूज येते. गॅसने थोडं पोट दुखणं ठीक, पण वाढत जाणारी कळ, ताप किंवा पाठीत जाणारं दुखणं असेल तर सकाळची वाट न बघता फोन करा.

सिंगल बलून (एकाच फुग्याची) विरुद्ध डबल बलून यावर फार डोकं शिणवू नका, निदानात मोठा फरक नाही. करणाऱ्याचा हात किती बसलाय आणि हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरतात का, हे विचारा. मोटरने फिरणारी स्पायरल एन्टरोस्कोपी वेगवान म्हणून गाजली होती, पण 2023 मध्ये ऑलिंपसने सुरक्षेच्या कारणावरून ती बाजारातून परत घेतली. तिची जुनी कौतुकं वाचून तिचा आग्रह धरू नका.

आधी कॅप्सूल का, याचं उत्तर इथे आहे. कॅप्सूलमध्ये काही दिसलं असेल तर नंतरच्या डबल बलूनमध्ये दोष सापडण्याचं प्रमाण साधारण 75 टक्के. कॅप्सूल कोरी असेल तर तीसच्याही आत. शिवाय कुठून शिरायचं तेही कळतं: लहान आतड्यातल्या प्रवासाच्या साधारण पहिल्या दोन-तृतीयांश वेळेत दोष दिसला तर तोंडाकडून, त्यापुढे गुदमार्गाकडून. एक खेप वाचते, एक भूल वाचते. याला अपवाद दोन: भरपूर रक्त जातंय, किंवा सीटीतच जागा स्पष्ट दिसलीय. मग कॅप्सूलमध्ये वेळ घालवू नये.

वेळेचं मात्र फार पाळा. युरोपातल्या मार्गदर्शक सूचना सांगतात की रक्तस्रावानंतर शक्यतो 48 तासांत कॅप्सूल व्हावी. महिन्याने केली की खूण पुसलेली असते. पुढच्या वेळी काळं झालं की अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी कळवा.

या वयात बहुधा फुगलेल्या नाजूक रक्तवाहिन्या सापडतात. त्या जाळल्या तरी सुमारे तिघांतल्या एकाला पुन्हा रक्त जातं, तेव्हा लोह आणि हिमोग्लोबिनची तपासणी चालूच ठेवावी लागेल. हृदयाची महाधमनीची झडप अरुंद असेल तर हा त्रास जास्त दिसतो, म्हणून टू-डी इको झाला नसेल तर विषय काढा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नका. लोहाच्या गोळ्या मात्र कॅप्सूलच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून थांबवा, त्यांनी आतलं सगळं काळं दिसतं. आणि कॅप्सूल पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय अजिबात नाही. शंका असेल तर पोटाचा साधा एक्स-रे पुरतो.