मॉड्युलर सिंथसाठी (सुटे भाग तारांनी जोडून वाजवायचा सिंथेसायझर) ८ स्टेपचा सिक्वेन्सर, म्हणजे ठरवलेले आठ सूर ओळीने पुन्हा पुन्हा वाजवणारं सर्किट, घरी कसा बनवावा?
पहिलाच असेल तर आर्डुइनोच्या (प्रोग्रॅम करायचा छोटा बोर्ड) नादी लागू नका, सीडी४०१७ ही काउंटर चिप पुरते. क्लॉक (स्टेप पुढे ढकलणारे ठोके) पिन १४ला. आउटपुट १० असतात, म्हणून नववा (पिन ९) रीसेटला (पिन १५) जोडा. आठव्यानंतर गाडी पुन्हा पहिल्यावर. उरलेल्या आठांपैकी प्रत्येक आउटपुटला १०० के (किलो-ओहम) पॉट, म्हणजे सूर लावायचा नॉब, मधल्या पायाला १एन४१४८ डायोड. सगळे डायोड एकत्र करून १ मेगचा रेझिस्टर ग्राउंडला, पुढे टीएल०७२चा बफर (व्होल्टेज न ढळता पुढे देणारा ऑप-अँप).

पिन १३ (मोजणी थांबवणारी) ग्राउंड कराच! माझी लोंबकळत राहिली होती. हात जवळ नेला की आउटपुटवर लावलेले एलईडी पळायचे, काढला की ठप्प.

पॉटवर थेट १२ व्होल्ट नकोत. १ व्होल्टला एक सप्तक, म्हणजे कोमल-शुद्ध रे मधलं अंतर जेमतेम ८३ मिलिव्होल्ट. नॉबला नुसता धक्का लागला तरी सूर गेला. पॉटच्या आधी २२० केचा रेझिस्टर टाका, तीनेक सप्तकं मिळतील.