उत्तर बरोबर असूनही असाइनमेंटमध्ये मांडणीचे गुण कापले जातात. गणित कागदावर कसे मांडावे?

तुम्ही सोलापुरात स्थापत्य अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहात, उत्तरे बरोबर येऊनही मांडणीसाठी गुण जातात, तेव्हा अक्षर सुधारावे की सगळे टाइप करून द्यावे, असे तुम्ही विचारले आहे. मी याच शहरात इमारतींच्या स्ट्रक्चरल डिझाइनचे काम करतो आणि तरुण अभियंत्यांची आकडेमोड तपासणे हा त्या कामाचा मोठा भाग आहे. अडचण अक्षराची क्वचितच असते. तुम्ही समोर नसताना, तुम्हाला एकही प्रश्न न विचारता, तपासणाऱ्याला तुमचे गणित पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पडताळता आले पाहिजे, एवढीच खरी अपेक्षा असते. ती पुरी होत नसेल तर मोत्यासारख्या अक्षरातले पानही अपुरेच ठरते.

प्रत्येक गणित नव्या पानावर सुरू करावे. वरच्या बाजूला विषय, प्रश्न क्रमांक, तारीख आणि ‘७ पैकी पान ३’ असा पानाचा क्रमांक लिहावा, म्हणजे फाइलमधून निसटलेले पानही कुठले ते कळते. डिझाइन ऑफिसातल्या आकडेमोडीच्या कागदावर हेच असते. शिवाय गणित कोणी केले आणि कोणी तपासले, त्यांच्या सह्या असतात. त्याखाली दिलेली माहिती, काय काढायचे आहे, आकृती आणि गृहीतके इतके लिहून झाल्याशिवाय सूत्राला हात घालू नये.

समजा, साध्या आधारांवरच्या ६ मीटर स्पॅनच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) काँक्रीट बीमवर दर मीटरला २० किलोन्यूटन असा समान पसरलेला भार आहे, बीमचा छेद २३० मिमी रुंद आणि ४५० मिमी खोल आहे, आणि त्यातला सर्वाधिक बेंडिंग स्ट्रेस, म्हणजे वाकण्यामुळे येणारा ताण, काढायचा आहे. आकृती पट्टीने आणि टोकदार पेन्सिलीने काढावी, भार, स्पॅन आणि दोन्ही रिअॅक्शन (आधारांचे प्रतिबल) दाखवण्याइतकी मोठी असावी. गृहीतकांत छेद एकजिनसी आणि तडा न गेलेला मानला आहे हे लिहावे, आणि बीमचे स्वतःचे वजन त्या २० मध्ये धरलेले आहे की नाही हेही लिहावे. ही दुसरी ओळ जवळजवळ सगळेच गाळतात. काँक्रीटचे वजन घनमीटरला २५ किलोन्यूटन धरले तर या बीमचे स्वतःचे वजनच दर मीटरला सुमारे २.६ किलोन्यूटन भरते, म्हणजे दिलेल्या भाराच्या आठव्या हिश्शापेक्षा थोडे जास्त. ते धरले की सोडले हे तपासणाऱ्याने अंदाजाने ठरवायचे नसते.

पुढे सूत्र आधी चिन्हांत, खालच्या ओळीत एककांसह आकडे घालून, आणि त्याखाली निष्कर्ष. मोमेंट २० × ६² ÷ ८ = ९० किलोन्यूटन-मीटर. सेक्शन मॉड्युलस २३० × ४५०² ÷ ६ = ७.७६ × १०⁶ घन मिमी. मोमेंटला सेक्शन मॉड्युलसने भागले की स्ट्रेस मिळतो. या भागाकारापूर्वी ९० किलोन्यूटन-मीटरचे ९० × १०⁶ न्यूटन-मिमी केल्याची ओळ कागदावर दिसलीच पाहिजे, कारण घात चुकतो तो इथेच. १९९९ मध्ये नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळापाशी पोहोचून नष्ट झाले, त्याचे मूळही एककांतच होते: एका सॉफ्टवेअरने थ्रस्टरच्या (यानाच्या छोट्या इंजिनांच्या) आवेगाचे आकडे पाउंड-सेकंदांत दिले आणि पुढच्याने ते न्यूटन-सेकंदांतले समजून वापरले. कॅल्क्युलेटर ११.५९४२०२९ दाखवील, चौकटीत मात्र ११.६ न्यूटन प्रति चौरस मिमी लिहावे, आणि शेजारी हा स्ट्रेस स्पॅनच्या मध्यावर, तळाला टेन्शन (ताणणारा) व माथ्याला कॉम्प्रेशन (दाबणारा) असा आहे, हेही नोंदवावे. भार नुसता ‘२०’ असा दिलेला असताना सात दशांश स्थळे मांडणे म्हणजे नसलेल्या अचूकतेचा दावा करणे होय.

खाडाखोडीला घाबरू नका. चुकलेल्या ओळीवर एकच आडवी रेघ मारून पुढे बरोबर ओळ लिहावी. व्हाइटनर लावू नये. आमच्या कामात मागची संख्या काय होती आणि ती का बदलली, हे वाचता येणे फार मोलाचे असते. रफ कागदावर सोडवून मग फेअर करण्याची सवय चांगली आहे, मात्र उतरवताना दशांश चिन्ह आणि घात सहज निसटतात, म्हणून फेअर पानावरचे आकडे कॅल्क्युलेटरवर पुन्हा एकदा चालवून पाहावेत. सीनियरच्या फाइलवरून हुबेहूब उतरवलेले पान दिसायला कितीही नीटनेटके असले तरी गृहीतकांवर एक प्रश्न विचारताच ते उघडे पडते, आणि तोंडी परीक्षेत तो प्रश्न हमखास येतो.

साधनांचे फारसे काही नाही. एका बाजूने लिहिलेले कोरे ए-४ कागद, डावीकडे फाइलिंगसाठी समास, आकृतीसाठी एचबी पेन्सिल पुरते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की घामाने जेल पेनची शाई फिसकटते, तेव्हा बॉलपेन वापरावे आणि हाताखाली एक कोरा कागद ठेवावा.

टाइप करण्याबद्दल माझे मत असे की दुसऱ्या वर्षाची गणिते हातानेच लिहावीत. समीकरणे टाइप करण्यात जो वेळ जातो तो आकृती आणि गृहीतकांमधून कापला जातो. प्रयोगाचा अहवाल, लांब तक्ते आणि आलेख मात्र संगणकावर करायला हरकत नाही. तिथेही तक्त्यातील एका ओळीची आकडेमोड नमुन्यादाखल पूर्ण लिहून दाखवावी आणि आलेखाच्या दोन्ही अक्षांवर राशीचे नाव व एकक घालावे. हस्तलिखित पाने पीडीएफ करून मागितली असतील तर दिवसाच्या उजेडात, कागदावर सावली न पडता स्कॅन करावीत, पाने सरळ आणि क्रमाने लावावीत, आणि सगळ्यांची मिळून एकच फाइल द्यावी.