सार्क वगैरे शेजारी देश आपत्ती आणि हवामान बदलावर एकत्र काम करतात म्हणे, त्याचा सामान्य माणसाला खरंच काही उपयोग होतो का, की नुसत्या परिषदा आणि ग्रुप फोटो?

होतो. पण जिथे सगळ्यात जास्त व्हायला पाहिजे तिथेच होत नाही. आणि तुम्ही प्रश्नाच्या शेवटी जे लिहिलंय ना, "की नुसत्या परिषदा आणि ग्रुप फोटो?", ते वाचून हात शिवशिवले म्हणून लिहायला बसलो, नाहीतर कापसाला फवारणी बाकी आहे.

आधी परीक्षेपुरतं उरकतो, कारण प्रश्नावरून तुम्ही एमपीएससीवाले दिसता. सार्कचं आपत्ती व्यवस्थापन केंद्र २००६ मध्ये दिल्लीत सुरू झालं, २०१६ मध्ये गांधीनगरला नेलं. आपत्तीत एकमेकांना झटपट मदत करायचा करार २०११ ला मालदीवमध्ये झाला. सार्कची शेवटची शिखर परिषद २०१४ ला काठमांडूत, त्यानंतर झालीच नाही, कारण सगळ्यांना माहीत आहे. हे चार मुद्दे लिहा, आपत्तीचा धोका कमी करायचा संयुक्त राष्ट्रांचा सेंडाई आराखडा २०१५ ते २०३० लिहा, मार्क मिळतील.

आता खरं. वादळाच्या बाबतीत हे सहकार्य चालतं आणि चांगलं चालतं. आपल्या हवामान खात्याचं दिल्लीचं केंद्र बंगालच्या उपसागरातल्या आणि अरबी समुद्रातल्या वादळांचा अंदाज आजूबाजूच्या देशांना देतं, १३ देश मिळून नावं ठरवतात, २०२० ला १६९ नावांची नवी यादी आली. त्याच वर्षी ३ जूनला अलिबागला धडकलेलं निसर्ग, ते नाव बांगलादेशनं दिलेलं. १९७० च्या वादळात त्याच बांगलादेशात, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, लाखो माणसं मेली होती, आज तिकडे आधी इशारा पोचतो, माणसं निवाऱ्यात जातात. सुनामीचं तसंच, २००४ ला कोणाला काही कळलं नाही, २००७ पासून हैदराबादचं केंद्र इशारे देतंय. हे सगळं चालतं कारण वादळाला कोणी मालक नसतो. ते ढाक्यानं सोडलं की चेन्नईनं, असा वाद होत नाही.

नदीचं तसं नाही. नदीचं पाणी कोणीतरी "सोडतं". आणि एकदा "सोडलं" हा शब्द आला की माहिती देणारा हा आरोपी होतो.

आता माझं ऐका. मी शहादा तालुक्यातला, गाव तापीकाठी. गावात नदीच्या अंगाला मारुतीचं देऊळ आहे, त्याला दगडी ओटा. आमच्याकडे पूर मोजायचं माप म्हणजे हा ओटा. खालच्या बाभळीपर्यंत पाणी आलं तर नेहमीचं. पायऱ्या बुडाल्या की गोठ्यातली गुरं सोडायची. आणि ओट्याला पाणी लागलं की नदीकडच्या घरातल्यांनी धान्य उचलून वरच्या गल्लीत न्यायचं, मग कोणी सांगायला येत नाही, सगळ्यांना कळतं.

रविवार, ६ ऑगस्ट २००६. सकाळी ओट्याला पाणी लागलं. वर बैतूल, बऱ्हाणपूरकडे आणि इकडे पूर्णेच्या खोऱ्यात सलग पाऊस होता, तापीवरच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडलेले. माझी मोठी बहीण, अक्का, सुरतेत वेड रोडला तळमजल्यावर भाड्यानं राहायची, जिजाजी लूमवर कामाला. ९ तारखेला राखी होती, अक्का आदल्या रात्रीच्या गाडीनं निघून दोंडाईच्याला उतरणार होती. आता इथलं पाणी खाली गुजरातेतल्या उकाई धरणात जायला वेळ लागतो, आणि उकाईतून सुरत काही लांब नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत. मी चिखल तुडवत एसटीडी बूथवर गेलो, अर्धा तास लाइन लागेना, मग लागली. त्यांच्याकडे फोन नव्हता, घरमालकाकडे पीपी नंबर. मालकाच्या बारा-तेरा वर्षांच्या पोरानं उचलला. मी ओरडून सांगितलं, इथे मारुतीला पाणी लागलंय, जिजाजींना लगेच सांग. पोरगं हो म्हणालं. मी पैसे दिले, पावती खिशात टाकली, घरी येऊन निवांत चहा प्यालो. काम केलं ना आपण.

पोरानं निरोप दिला, तसं नाही म्हणता येणार. तो खाली जाऊन जिजाजींना म्हणाला, "गाँव से फोन था, मारुती को पानी चढाया बोल रहे हैं." श्रावण चालू, आदल्या दिवशी शनिवार झालेला. जिजाजींना वाटलं मेव्हण्यानं मारुतीला पाणी घातलं आणि कौतुकानं कळवलं. म्हणाले बरं झालं. रात्री जेवून झोपले.

सोमवारी पाणी घुसलं. आधी गटारीतून उलटं आलं, मग रस्त्यानं. उकाईतून ९ लाख क्युसेकच्या घरात पाणी सोडावं लागलं, त्यात पौर्णिमा जवळ आलेली, समुद्राला मोठी भरती, खाली पाणी ओढलंच जाईना. अक्का, जिजाजी आणि दोन पोरं तीन दिवस गच्चीवर, वर हेलिकॉप्टरमधून पडणाऱ्या पाकिटांकडे बघत. घरातलं सगळं गेलं, फ्रीज सहा महिन्यांपूर्वीचा, हप्ते चालू होते. भाचा त्याच जूनमध्ये दहावी पास झालेला, त्याची मार्कशीट प्लॅस्टिकच्या पिशवीत होती तरी भिजली, अक्कानं ती तव्यावर गरम करून, वर सुती पातळाचा तुकडा ठेवून इस्त्री केली. सगळे विषय राहिले, गणिताच्या मार्कांवर मात्र तपकिरी डाग बसला. अजून आहे ती तशीच. भिंतीवरची चिखलाची रेघ पुढे दोन वेळा रंग मारूनही पावसाळ्यात उमटायची.

राखी त्या वर्षी झाली नाही.

तेव्हापासून आमच्यात वाद आहे. लग्न असो, बारसं असो, वरण-बट्टीच्या पंगतीत जिजाजी विषय काढणारच: "तुम्हना महाराष्ट्रनी आम्हले बुडाडं." माणूस मूळचा आमच्याच दोंडाईच्या भागातला, तीस वर्षं सुरतेत राहिला की झाला गुजरातवाला. मी म्हणतो, जिजाजी, हतनूर उकाईपुढे केवढंसं, ते पाणी धरून ठेवूच शकत नाही, आलं की ४१ दरवाजे उघडायचे एवढंच त्याचं काम. आणि पाणी तरी आमचं कुठे, तापी मुलताईहून येते, ते मध्य प्रदेशात, पूर्णा विदर्भातून येऊन चांगदेवला मिळते. आणि उकाईत ऑगस्टच्या सुरुवातीलाच एवढं पाणी होतं तर आधी थोडं थोडं का सोडलं नाही, ही टीका तेव्हा सुरतेतच झाली, मी नाही केली. यावर ते म्हणतात, मग फोन करता आला नाही? मी म्हणतो, "मी सांगेल व्हतं!" ते म्हणतात, काय सांगेल व्हतं, मारुतीले पानी? आणि अख्खी पंगत हसते.

आता सांगतो की याचा तुमच्या प्रश्नाशी काय संबंध. मला बरीच वर्षं वाटायचं चूक त्या पोराची. मग वाटलं चूक जिजाजींची, अरे माणूस एवढा खर्च करून एसटीडी कशाला करेल, उलटा फोन तर करून बघ. पण २००८ ला कोसी फुटली तेव्हा टीव्हीवर बघताना डोक्यात प्रकाश पडला. नेपाळमध्ये कुसहाला १८ ऑगस्टला बांध फुटला आणि बिहारमधले लाखो लोक बुडाले, असे भाग जिथे कित्येक वर्षांत नदी आलीच नव्हती. बांध नेपाळच्या जमिनीवर, देखभाल १९५४ च्या करारानं बिहारकडे. म्हणजे करार होता, बरॅज होतं, दोन देशांच्या बैठका व्हायच्या, पण खाली झोपडीत बसलेल्याला नदी आपल्या दारात येईल हे त्याला कळेल अशा भाषेत कोणी सांगितलं नव्हतं. मीही तेच केलं होतं. मी माझ्या गावाचं माप दुसऱ्याच्या गावात पाठवलं. मारुतीच्या ओट्याचा वेड रोडला अर्थ काय? काहीच नाही. मी म्हणायला पाहिजे होतं, उद्या तुमच्या खोलीत छातीएवढं पाणी असेल, पोरांना घेऊन वर जा. ते मला तरी कुठे माहीत होतं.

आता काळ बदलला म्हणतात. आता पावसाळ्यात आमच्या व्हॉट्सॲपवर दर दोन तासांनी येतं, हतनूरचे इतके दरवाजे पूर्ण उघडले, इतके क्युसेक विसर्ग, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे. केंद्रीय जल आयोगाचं गिधाडेला मोजमाप आहे, सारंगखेड्याला आहे, आकडे नदीच्या खालच्या अंगाला जातात. भाचा सुरतेतून उकाईच्या लेव्हलचा स्क्रीनशॉट पाठवतो, तिकडे पोराटोरांना ३४५ फूट पाठ असतं, पूर्ण भरल्याची खूण. मी एकदा त्याला विचारलं, बाबा रे, ३४५ ला तुझ्या घराच्या कोणत्या पायरीवर पाणी येईल? म्हणाला मामा, ते नाही माहीत. झालं. आम्ही त्याला क्युसेक पाठवायचे, त्यानं आम्हाला फूट पाठवायचे.

देशादेशांचं तर याहून वाईट. २०१७ ला डोकलामचं भांडण चालू होतं त्या पावसाळ्यात ब्रह्मपुत्रेची आकडेवारी चीनकडून आली नाही, पुढच्या वर्षी परत सुरू झाली. म्हणजे भांडण डोंगरावर आणि आसामच्या माणसाला पाण्याचा आकडा बंद. असला आकडा मेहेरबानी म्हणून देण्याची वस्तू असेल तर त्याला सहकार्य म्हणायचं कशाला? मला विचाराल तर पाण्याची लेव्हल ही रेल्वेच्या वेळापत्रकासारखी उघडी पाहिजे, भांडण असो नसो.

आणि देश कशाला, दोन जिल्हे घ्या. ३१ ऑगस्ट २०२१ ला कन्नड घाटाच्या डोंगरात पाऊस कोसळला, घाटात दरडी पडल्या, आणि चाळीसगावात तितूर दुकानांत घुसली. पाऊस पडला त्या डोंगराचा वरचा अंग तेव्हाच्या औरंगाबाद, आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, बुडालं ते जळगाव जिल्ह्यात. जूनच्या तोंडाशी येणारं वारं बऱ्हाणपूरची केळी आडवी करून रावेरची आडवी करतं, बागा एकसारख्याच पडतात, पंचनामा मात्र इकडचा वेगळा आणि तिकडचा वेगळा. हवामान बदलाशी जुळवून घ्यायचं म्हणतात ते हेच असायला पाहिजे ना, की रावेर आणि बऱ्हाणपूरच्या शेतकऱ्यानं एकत्र बसून ठरवावं की वाऱ्याच्या अंगाला काय लावायचं, लागवड कधी करायची. उन्हाचं बघा, अहमदाबादनं २०१३ ला उष्णतेचा आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला म्हणतात, त्यातलं निम्मं उचललं तरी भुसावळच्या मजुराला मे महिना सुसह्य होईल, त्याला कोणती शिखर परिषद लागत नाही.

हो, आता एक सांगायला पाहिजे, नाहीतर कोणीतरी कमेंटमध्ये येईलच. मी जलसंपदावाला नाही, शेतकरी आहे. २००६ नंतर सुरतेनं खरोखर काम केलंय, उकाईपासून शहरापर्यंत इशाऱ्याची यंत्रणा उभी केली, आणि ते आमच्यापेक्षा पुढे आहेत हे जिजाजींसमोर मी कधीच कबूल करणार नाही पण इथे करतो. सार्कचं ते गांधीनगरचं केंद्र पण अगदीच निरुपयोगी आहे असं माझं म्हणणं नाही, प्रशिक्षणं घेतात, माणसं एकमेकांना ओळखू लागतात, आणि ऐन वेळी ओळखीच्याच माणसाचा फोन उचलला जातो. धरणवाल्यालाही दोष देणं सोपं आहे, आधी सोडलं आणि पाऊस आलाच नाही तर उन्हाळ्यात त्यालाच शिव्या.

तुम्हाला सल्ला द्यायचा तर उत्तरात करारांच्या नावांसोबत एवढं लिहा की खालच्या माणसाला त्याच्या दाराच्या मापात इशारा मिळतो का. आणि तुमचं कोणी नातेवाईक नदीच्या खालच्या अंगाला राहत असेल तर आत्ताच, पाऊस नसताना, फोन करून ठरवून घ्या की तुमच्याकडे कुठपर्यंत पाणी आलं की त्यांनी काय उचलायचं. आणि निरोप पोराकडे देऊ नका. माणूस लाइनवर येईपर्यंत थांबा, मीटर पळू द्या.

बाकी जिजाजी, भाच्यानं तुम्हाला हे उत्तर पाठवलंच तर, ती एसटीडीची पावती अजून माझ्या पेटीत आहे. तारीख आणि वेळ दोन्ही छापलेले होते. परवा काढून बघितली तर शाई पूर्ण उडालीये, कोरा कागद उरलाय. दिवाळीला याल तेव्हा दाखवतो.