पहाटे लागणारी पिवळी लाईट: टायरच्या हवेवर वाचकांचे प्रश्न

डिसेंबर-जानेवारीत माझ्याकडे येणाऱ्या मेसेजांत निम्मे एकाच गोष्टीवर असतात: टायरची हवा कमी झाल्याचं सांगणारी डॅशबोर्डवरची लाईट. घोड्याच्या नालासारखं पिवळं चिन्ह, मधे उद्गारचिन्ह, सकाळी लागतं, दुपारी जातं. म्हणून एकदाच सगळ्यांना मिळून उत्तर देतो.

थंडीमुळे सकाळी टायरची लाईट लागते आणि साखळीहून पणजीला पोचेपर्यंत आपोआप जाते. म्हणजे काळजी नाही ना? (साखळी)

आहे. आणि हे "थंडीमुळे" तुम्हाला कोणी सांगितलं तेही मला ठाऊक आहे, पंपावरच्या पोऱ्यानं किंवा ऑफिसातल्या कोणी तरी. अहो, गोव्याच्या थंडीत एवढा दम नाही! पहाटे 20 च्या आसपास, दुपारी 32, म्हणजे फरक 12 डिग्रीचा. 10 डिग्री उतरली की साधारण 2 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा कमी दिसते, आणि ही लाईट बऱ्याच गाड्यांत दाब ठरलेल्यापेक्षा 20 ते 25 टक्के खाली गेल्यावरच लागते. म्हणजे 33 च्या टायरात 25-26 उरल्यावर. मग थंडीनं घेतले 2, बाकीचे कुठे गेले?

सांगतो. हवा शेवटची भरली गणेशचवथीला, तीही भर दुपारी गाडी चालवून तापलेल्या टायरात. तापलेला टायर 3-4 पीएसआय जास्त दाखवतो, म्हणजे पंपावर 33 दिसले तरी खरे 29-30 च. त्यानंतर चांगल्या टायरातूनही महिन्याला एखादा पीएसआय जातोच, त्यात चार महिने गेले, वर जानेवारीची पहाट, आणि लागली लाईट. दहा-वीस किलोमीटर चालल्यावर टायर तापतो, दाब चढतो, लाईट जाते आणि तुम्ही म्हणता बरं झालं. हवा भरली कोणी? कोणीच नाही! तोच मऊ टायर घेऊन तुम्ही चोर्ला घाटाची वळणं घेता, हायवेला शंभरनं जाता. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला वाकते, आतून तापते आणि तिथूनच फाटते. हे सहसा थंडीत नाही, एप्रिल-मेच्या डांबरावर होतं, तेव्हा जानेवारीतली लाईट कोणाला आठवत नाही.

तेव्हा गाडी रात्रभर उभी असताना, ऊन लागायच्या आधी, स्वतःच्या गेजनं चारही टायर मोजा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यातला आकडा याच थंड टायरचा आहे. चारही सारखेच उतरले असतील तर हवा भरा आणि दर महिन्याला बघा. एकच टायर बाकीच्यांपेक्षा 4-5 नं खाली असेल तर ते पंक्चर, हवामान नव्हे. परवा एका गाडीच्या टायरात छोटा स्क्रू पार डोक्यापर्यंत रुतलेला होता, साबणाचं पाणी टाकलं तर बऱ्याच वेळानं एक बुडबुडा, मग परत एक. मालक महिनाभर "थंडी" म्हणत होता. असा टायर आठवडाभर लांबणीवर टाकू नका, त्याच दिवशी रिमवरून उतरवून आतून तपासून घ्या.

टायरवर मॅक्स 51 पीएसआय लिहिलंय, तेवढी भरू का? (म्हापसा)

नाही, ती टायरची कमाल मर्यादा, तुमच्या गाडीचा आकडा दारावरच्या स्टिकरवर.

नायट्रोजन भरला की थंडीत प्रेशर उतरत नाही म्हणतात, खरं का? (मडगाव)

विकणारा म्हणतो. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो आणि थंडीत तोही तेवढाच आकसतो, 10 डिग्रीला 2 पीएसआय. नायट्रोजन कोरडा असतो आणि किंचित हळू झिरपतो, एवढाच फायदा. त्यापेक्षा त्या पैशात बरा गेज घ्या. आणि नायट्रोजनवाल्या टायरात साधी हवा घातली तर टायर खराब होतो ही निव्वळ थाप, कमी हवेवर चालवण्यापेक्षा जी मिळेल ती भरा.

जानेवारीत कुटुंबासह गाडीनं मनालीला जातोय, इथूनच 4-5 पीएसआय जास्त भरून निघू? (पणजी)

नको. तिथली थंडी साधारण 4 पीएसआय काढेल हे बरोबर, पण उंचीवर बाहेरचा दाब कमी म्हणून गेज तीनेक जास्तही दाखवतो, ही गणितं घरबसल्या करू नयेत. फुल लोडचा वेगळा आकडा त्याच स्टिकरवर असतो तो धरा, मुक्कामाच्या ठिकाणी सकाळी मोजा, परत खाली उतरल्यावर पुन्हा मोजा. निघण्याआधी टायरची तारीख आणि नक्षी मात्र जाणकाराला दाखवा. टायरच्या बाजूवर DOT ने सुरू होणारा क्रमांक असतो, त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा.

मुलगा इंग्लंडात स्विंडनला असतो. थंडीत त्याच्या गाडीची लाईट आधी मिनिटभर लुकलुकते, मग तशीच राहते. हवा भरूनही जात नाही. (बाणावली)

लुकलुकून स्थिर राहिली तर बहुधा हवा नाही, सिस्टिममध्येच बिघाड. चाकात हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो, त्याच्या आत छोटी बॅटरी असते, 5 ते 10 वर्षं चालते, आणि मरायला टेकलेली बॅटरी थंडीत आधी मान टाकते. तिकडे 2012 पासूनच्या गाड्यांना एमओटीत, म्हणजे तिकडच्या गाडीच्या वार्षिक तपासणीत, ही लाईट बघतात, नापास करतील, त्याला आत्ताच गॅरेजमध्ये स्कॅन करून घ्यायला सांगा.

एका सेन्सरचा व्हॉल्व्ह तुटला. दुकानदार चारही सेन्सर बदला म्हणतो. (कळंगुट)

आधी स्कॅनरवर चारही सेन्सरचे रीडिंग आणि बॅटरी दाखवायला सांगा, दाखवत नसेल तर दुसरीकडे जा. किनाऱ्याला खारं वारं ॲल्युमिनियमचा व्हॉल्व्ह खातं, टोपी काढली की पांढरी-हिरवट भुकटी दिसते, त्यात पितळी पिन किंवा शोभेची धातूची टोपी बसवली की दोन्ही एकमेकांना चिकटतात आणि पक्कड लावली की कट्. प्लास्टिकची टोपीच बरी. बाकीचे तीन आठ-नऊ वर्षांचे असतील तर दुकानदाराचं म्हणणं चुकीचं नाही, पण ते स्कॅन बघून ठरवा.

स्टेपनीत सेन्सर असतो का? (फोंडा)

बहुतेक गाड्यांत नसतो. डिकी उघडून गेज लावा.