ओव्हररेटेड चित्रपटाला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: “चित्रपटाबद्दल लिहिताना मी ‘कोर्ट हा एक अतिमूल्यांकित चित्रपट आहे’ असं वाक्य लिहिलं. वाचणाऱ्यांना ते खटकलं. ‘ओव्हररेटेड’साठी मराठीत सुटसुटीत शब्द आहे का? आणि उलट बाजूने ‘अंडररेटेड’ला काय म्हणायचं?”

खटकणं साहजिक आहे. मराठीत मूल्यांकन उत्तरपत्रिकेचं होतं, जमिनीचं होतं, महाविद्यालयाचं होतं. तिथे ठरलेले निकष असतात, ते लावणारी समिती असते आणि शेवटी हातात एक आकडा किंवा श्रेणी पडते. चित्रपटाच्या वाट्याला हे येत नाही. त्याला दाद मिळते, त्याचं कौतुक होतं, त्याची चर्चा होते, तो गाजतो किंवा पडतो. त्यामुळे ‘अतिमूल्यांकित’ वाचताना वाचकाच्या डोळ्यांसमोर चित्रपटगृह येतच नाही, एखादं कार्यालय येतं. शब्द व्याकरणाने चुकीचा नाही. तो भलत्या घरचा आहे.

आणखी एक अडचण आहे, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. इंग्रजी शब्द विशेषण आहे आणि ते थेट चित्रपटाला चिकटतं. कौतुक कोणी केलं, किती केलं, कुठे केलं, यातलं काहीही न सांगता वाक्य पुरं होतं. मराठीत आपण हे सहसा क्रियापदाने सांगतो, आणि क्रियापद आलं की कर्ता आलाच. प्रेक्षकांनी डोक्यावर घेतला, समीक्षकांनी उचलून धरला, वृत्तपत्रांनी गवगवा केला. म्हणजे ज्यांचं माप चुकलं असं तुम्हाला वाटतं, त्यांना मराठी वाक्यात हजर करावं लागतं. हे बंधन मला फार आवडतं, कारण ते लिहिणाऱ्याला नेमकं बोलायला लावतं.

‘डोक्यावर घेणे’ हाच प्रयोग पाहा. 2016 च्या एप्रिलअखेर ‘सैराट’ लागला तेव्हा ‘प्रेक्षकांनी सैराट डोक्यावर घेतला’ हे वाक्य जिकडेतिकडे वाचायला मिळत होतं. त्यात टीकेचा लवलेश नव्हता. ‘झिंगाट’ सुरू झालं की लोक खुर्च्या सोडून नाचत होते, आणि त्याचंच ते वर्णन होतं. आता याच वाक्यात एक क्रियापद वाढवा: ‘लोक सैराट डोक्यावर घेऊन नाचले.’ सूर लगेच बदलला. बोलणारा त्या नाचात सामील नाही हे ऐकणाऱ्याला कळलं. शब्दकोशात हा फरक शोधून सापडायचा नाही, पण मराठी कानाला तो चुकत नाही. तेव्हा नुसतं ‘डोक्यावर घेतला’ लिहून तुम्हाला टीका करायची असेल, तर ती टीका पोहोचणार नाही.

जास्तीच्या कौतुकासाठी मराठीत असलेले बरेच शब्द देवघरातून, देवळातून किंवा यज्ञमंडपातून आलेले आहेत. ‘उदो उदो’ हा देवीचा जयघोष. तुळजापूरला ‘आई राजा उदो उदो’ म्हणतात, गोंधळात संबळावर ‘उदे गं अंबे उदे’ चालतं. त्यातला ‘उदो’ म्हणजे उदय असो. तोच घोष माणसासाठी किंवा कलाकृतीसाठी वापरला की तो अती वाटतो, कारण तो मुळात देवीचा आहे. म्हणून ‘चित्रपटाचा उदो उदो केला’ याचा अर्थ ‘प्रमाणाबाहेर स्तुती केली’ असा होतो. ‘देव्हारे माजवणे’ तर सरळच देवघरातलं. ‘आरत्या ओवाळणे’ही त्याच वाटेने आलं.

या गटातला माझा सर्वांत लाडका शब्द ‘स्तोम’. आज आपण ‘सोवळ्याओवळ्याचं स्तोम’, ‘गुणांचं स्तोम’ असं म्हणतो आणि त्यात फक्त नापसंती ऐकू येते. पण स्तोम हा वैदिक शब्द आहे. ‘स्तु’ म्हणजे स्तुती करणे, आणि स्तोम म्हणजे स्तवन, सोमयागात गायच्या ऋचांची ठरलेली रचना. ‘अग्निष्टोम’ या यज्ञाच्या नावात तो अजून उभा आहे. संस्कृतातच त्याला ‘समूह, रास’ असाही अर्थ आला. स्तुती आणि रास हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात असताना मराठीने त्याला ‘माजवणे’ हे क्रियापद जोडलं आणि स्तुतीची रास प्रमाणाबाहेर गेल्याचं एका दमात सांगितलं. ‘ओव्हररेटेड’ म्हणताना जी तक्रार मनात असते, ती ‘स्तोम माजवलंय’ या दोन शब्दांत पुरेपूर येते.

पण हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. गवगवा आधी होतो: चित्रपट लागायचा असतो, जाहिराती, मुलाखती, झलक, सगळीकडे तेच. उदो उदो नंतर होतो, चित्रपट पाहून झाल्यावर. आणि स्तोम माजायला वेळ लागतो. पिढी गेली तरी कौतुक त्याच पट्टीत चालू राहिलं तर स्तोम. ‘शोले’ घ्या. तो 15 ऑगस्ट 1975 ला लागला तेव्हा पहिल्या दिवसांत प्रतिसाद थंडच होता आणि परीक्षणंही फारशी अनुकूल नव्हती. फिल्मफेअरचं त्या वर्षीचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पारितोषिक ‘दीवार’ने नेलं. ‘शोले’च्या हाती एकच पारितोषिक लागलं, संकलनाचं, आणि ते मिळवणारे होते एम. एस. शिंदे. मग लोकांनी लोकांना सांगितलं आणि मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात तो पाच वर्षं चालला. पुढे 2005 मध्ये त्याच फिल्मफेअरने त्याला पन्नास वर्षांतला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरवलं. आता कुणाला ‘शोले’ वाजवीपेक्षा जास्त थोर मानला जातो असं वाटत असेल, तर त्याने ‘शोलेचा नुसता गवगवा’ असं लिहू नये. इतिहास त्याच्या विरुद्ध साक्ष देईल. ‘शोलेचं स्तोम’ म्हणावं. मला स्वतःला ते पटणार नाही, पण वाक्य बरोबर असेल.

म्हणींच्या बाबतीत जरा सावध राहा. ‘नाव मोठं लक्षण खोटं’, ‘बडा घर पोकळ वासा’, ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ या म्हणी परीक्षणांत सर्रास येतात. त्या वस्तूलाच खोटं ठरवतात. वासा पोकळ आहे म्हटल्यावर घरात काही उरतच नाही. ‘ओव्हररेटेड’मध्ये इतकं टोक नसतं. चित्रपट चांगला असू शकतो, पण चांगल्याला अजोड म्हटलं गेलं असं बोलणाऱ्याचं म्हणणं असतं. कौतुक आणि लायकी यांच्यातली फट दाखवायची असताना आपण म्हणीच्या भरात लायकीच पुसून टाकतो, आणि मग समोरचा चाहता चिडला तर त्याचं चुकलं असं म्हणता येत नाही.

फटीवर बोट ठेवणारं नेमकं विशेषण आहे ‘फाजील’. फाजील लाड, फाजील आत्मविश्वास, तसं फाजील कौतुक. अरबीत या शब्दाला ‘उरलेला, जास्तीचा’ हाही अर्थ आहे आणि ‘गुणी, विद्वान’ हाही. मराठीने पहिला घेतला. ‘फाजील कौतुक’ म्हणताना लाड, कौतुक वाईट असं कुणी म्हणत नाही. गरजेपेक्षा जास्त झालं एवढंच म्हणतो. आणि विशेषण कौतुकाला लागतं, चित्रपटाला लागत नाही, हे त्याचं मोठं बळ. ‘फाजील चित्रपट’ असं मात्र कधीही लिहू नका. त्याचा अर्थ ‘आगाऊ चित्रपट’ असा काहीतरी होईल.

चित्रपटालाच विशेषण लावायचं असेल तर मी ‘वाजवीपेक्षा जास्त नावाजलेला’ असं लिहीन. लांब आहे, पण प्रत्येक शब्द कामाचा आहे. ‘नावाजणे’ दिसायला ‘नाव’वरून आल्यासारखं दिसतं, पण त्याचं कूळ फारसी, ‘गरीबनवाज’मधला ‘नवाज’, म्हणजे कृपा करणारा, गौरव करणारा, तो हाच. ‘वाजवी’मध्ये योग्य माप आहे. गौरव झाला, तो मापाबाहेर झाला, आणि गौरवणारे कोणीतरी आहेत, हे सगळं त्यात येतं.

आता तुमच्या ‘कोर्ट’बद्दल. चैतन्य ताम्हाणे यांच्या या चित्रपटाला 2014 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात ओरिझोंती या नव्या वाटेच्या चित्रपटांच्या विभागाचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पारितोषिक मिळालं, पदार्पणाच्या चित्रपटाला देतात ते पारितोषिकही मिळालं, मग इथल्या राष्ट्रीय पुरस्कारांतलं सुवर्णकमळ, आणि पुढे ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका. इतकं ऐकून थिएटरात गेलेल्यांपैकी अनेक जण वैतागून बाहेर आले, हे खरंच आहे. पण ते नेमके कशाने वैतागले? सरकारी वकील कलमं वाचत जातात आणि कॅमेरा हलत नाही. शेवटाकडे न्यायालयाला सुट्टी लागते, दालन रिकामं होतं, एकेक दिवा बंद होतो, दार लागतं आणि पडद्यावर अंधार राहतो. प्रेक्षक उठायच्या बेतात असतात. आणि चित्रपट संपलेला नसतो! न्यायाधीश सहलीला गेलेले दिसतात, बाकावर बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागते, मुलं येऊन दचकवतात. माझ्या मते त्या अंधारानंतरच्या काही मिनिटांत चित्रपट आपलं सगळ्यात कडक विधान करतो: खटल्यात एका शाहिराचं आयुष्य अडकलेलं आहे आणि निकाल देणाऱ्याला सुट्टीत झोप लागते आहे. पण एखाद्याला तो भाग लांबवलेला वाटला, तर ते म्हणायला मराठीत उत्तम शब्द आहेत: संथ, रटाळ, लांबण लागलेला, पाल्हाळिक. ते चित्रपटाबद्दल बोलतात, आणि त्यांच्याशी वाद घालता येतो.

‘ओव्हररेटेड’ म्हणताना अनेकदा इतकंच सांगायचं असतं की मला आवडला नाही. त्यासाठी मराठीची वाक्यरचना फार सोयीची आहे: मला भावला नाही, माझ्या पचनी पडला नाही, माझा अपेक्षाभंग झाला. ‘मला’, ‘माझ्या’ हे वाक्यातच असल्यामुळे अनुभव कोणाचा हे लपत नाही. तेव्हा लिहिण्याआधी ठरवून घ्या. तक्रार चित्रपटाच्या लांबणीची असेल तर ‘कोर्ट रटाळ आहे’ लिहा. स्वतःच्या अनुभवाची असेल तर ‘कोर्ट मला भावला नाही’. परीक्षकांबद्दल आणि समीक्षकांबद्दल असेल, तरच ‘समीक्षकांनी कोर्ट वाजवीपेक्षा जास्त नावाजला’. तिन्ही वाक्यं वेगळी आहेत आणि तिन्हींना उत्तरंही वेगळी येतील.

जिथे खरोखरच क्रमवारी असते, तिथली गोष्ट निराळी. ब्रिटनचं ‘साइट अँड साउंड’ हे मासिक दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतं. 1962 पासून 2002 पर्यंतच्या प्रत्येक कौलात ‘सिटिझन केन’ पहिला होता, 2012 मध्ये ‘व्हर्टिगो’ आला, आणि 2022 मध्ये शांताल अकरमन यांचा ‘जीन डीलमन’. हा तीन तासांहून लांब चित्रपट एका गृहिणीचं रोजचं काम, बटाटे सोलण्यासकट, जवळजवळ पूर्ण वेळ देऊन दाखवतो. त्यावर बरंच वादंग झालं. इथे ‘उगाच पहिल्या नंबरावर नेऊन बसवला’ हे मराठी वाक्य चपखल आहे, कारण नंबर खरोखर दिलेला आहे.

बोलताना मात्र यातलं काहीच लागत नाही. मित्राने विचारलं, कसा आहे? आपण म्हणतो, ‘गाजला तेवढा नाही.’ किंवा त्याहून थोडक्यात, ‘एवढा काही नाही.’ मला विचाराल तर ‘ओव्हररेटेड’चं खरं मराठी हेच. जेवढा-तेवढा ही आपल्या भाषेची जुनी तागडी आहे. एका बाजूला कौतुक, दुसऱ्या बाजूला चित्रपट. ‘गाजणे’ संस्कृत ‘गर्ज्’वरून आलेलं, म्हणजे आवाजाचा मोठेपणाही त्यात आहे. ‘गाजला तेवढा नाही’मध्ये चित्रपटाला शिवी नाही, चाहत्याचा अपमान नाही, आणि फट मात्र स्पष्ट दिसते. परीक्षणाच्या मथळ्यातही मी हेच देईन. बोलीतलं आहे म्हणून ते कमी दर्जाचं मानायचं काही कारण नाही.

‘अंडररेटेड’साठी ‘दुर्लक्षित’ आणि ‘उपेक्षित’ चालतात, पण दोन्हींत थोडा फरक आहे. दुर्लक्षित म्हणजे लक्षच गेलं नाही. उपेक्षित म्हणजे गेलं, तरी कदर केली नाही. उमेश कुलकर्णी यांचा ‘विहीर’ मी दुर्लक्षितांत धरतो: महोत्सवांतून फिरला, पण इथल्या पुष्कळ प्रेक्षकांना तो येऊन गेल्याचंही कळलं नाही. त्याच्याबद्दल बोलताना लोक ‘झाकलं माणिक’ म्हणतात. तो शब्द सुंदर आहे, पण त्यात चित्रपट उत्तम असल्याचा निवाडा आधीच दिलेला आहे. तेव्हा तुम्ही चित्रपट पाहिला असेल आणि त्या निवाड्याशी सहमत असाल तरच तो वापरा. नुसतं कमी लोकांनी पाहिला एवढंच सांगायचं असेल तर ‘दुर्लक्षित’ पुरे.